ध्वनी : नाही

डबा उघडायच्या आधीच वास सांगतो
किती उरलंय ते.
हा धरणगावचा. बंद पडलेल्या जिनात,
काटाघरातल्या बारदानाखाली सापडला.
पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं: सायबाची भेट.
नव्वदेक उन्हाळे काढलेत याने,
पंचेचाळीस अंशांचे, खानदेशातले.
वरचे वेढे मधासारखे चिकट,
आतले तपकिरी भुगा,
आणि मध्ये कुठेतरी, कसे कोण जाणे,
दोन मिनिटं चाळीस सेकंद शाबूत.

पुण्याला आम्ही ती सोडवली
पाण्याची बादली शेजारी ठेवून.
नायट्रेटची फीत. पेटली तर पाण्याखालीही जळते.
बादली आपली मनाच्या समाधानाला.

सुरू केलं तर माणसं दुडदुड पळायला लागली.
हँडल फिरवणाऱ्याचा हात त्या दिवशी सुस्त असणार.
सेकंदाला सोळा चित्रांवर आणलं, तरी पळतात.
चौदावर आणलं
आणि बैल बैलासारखा चालला.
वेग ठरवायचा तो बैल बघून.
माणसं कॅमेऱ्यासमोर कशीही चालतात.

साहेब टोपी काढतो. साहेब फीत कापतो
(तीही फीत या फितीत अजून आहे).
हार. पुन्हा हार. सरकीचा ढीग.
कपाळावर आडवा हात धरून उन्हात उभी रांग.
मग कॅमेरा, बहुतेक कंटाळून, उजवीकडे सरकतो
आणि एक बाई, डोक्यावर कपाशीचं गाठोडं,
थेट आपल्याकडे बघून काहीतरी बोलते.
पाच-सहा शब्द.
वळते.
तिच्या पाठीवर डाग चढत येतो, पांढरा होतो, संपतं.

नोंदपत्रात एक रकाना असतो: ध्वनी.
आम्ही लिहितो: नाही.

लॅपटॉप घेऊन मी धरणगावला गेले,
भुराबाई कोळींकडे. बत्तीस वर्षं जिनात.
एका छपराखाली चोवीस रेचे धडधडत असले
की बायका ओठांनी बोलतात:
सासू, डोहाळे, मुकादमाची नजर,
सगळं बिनआवाजाचं.
कान तिथेच गेले. ओठ वाचणं राहिलं.

पहिल्यांदा बघून म्हणाली, “कापूस उडत नाही यांच्यात.”
दुसऱ्यांदा चष्मा पुसला.
तिसऱ्यांदा तिचेच ओठ हलायला लागले,
त्या बाईच्या मागून, अर्धा क्षण उशिरा,
आणि मग एकदम मोठ्याने,
स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात:
“आंडेर उठनी व्हई, माय. मी जास.”

मुलगी उठली असेल. एवढंच.
साहेबाबद्दल नाही, यंत्राबद्दल नाही,
आणि आपल्याशी तर नाहीच.
कॅमेऱ्याच्या मागे कुणी ओळखीची उभी असणार,
तिला सांगत होती.
तीन आठवडे मला वाटत होतं
माझ्याकडे बघतेय.

“आणि मागचा तो पागोटेवाला साहेबाला काय म्हणतो,”
भुराबाईने पदर तोंडात धरला, “ते लिहू नको.”
सांगितलं मात्र. कळण्याची भाकरी वाढता वाढता,
दोनदा.

डबा आता तळघरात, चार अंशांवर.
‘नाही’ खोडायची परवानगी नसते.
खाली शेऱ्यासाठी बोटभर जागा असते,
तिथे बाईचं वाक्य लिहिलं, शाईने.
पागोटेवाल्याचं पेन्सिलीने.

निघताना भुराबाई दारापर्यंत आली.
रस्त्यावर ट्रॅक्टर घुरघुरत होता,
म्हणून की सवयीने, तिने नुसते ओठ हलवले:
पोचली का ती?

हे मला वाचता आलं.
पुढे भुगा आहे, हे तीन शब्द
ओठांवर आणता आले नाहीत.
मी मान हलवली,
कशीही वाचता येईल अशी.