उनपदेवचं पाणी

जिनिंगचा सीझन, म्हणून ह्यांना सुटी नाही.
मार्गशीर्षातला रविवार. भटूच्या छोट्या हत्तीत
मागे सतरंजी, तिच्यावर मी, वहिनी,
हेतल, भावेश, वहिनीची लहानी,
आणि कालच्या कपाशीतून फळीच्या फटीत राहिलेली सरकी,
जिच्या दोन बिया भावेशने
धरणगाव सुटायच्या आत नाकात घालून पाहिल्या.
एक शिंकेबरोबर निघाली.
दुसरी गेलीच होती की नव्हती
ह्यावर वहिनीचा आणि माझा चोपड्यापर्यंत वाद.

तापीच्या पुलावर भटूने गाडी हळू केली.
मी दोघांच्या हातात एकेक रुपया ठेवला,
माझी आई ठेवायची तसा.
हेतलने डोळे मिटून टाकला.
भावेशने मूठ आवळली.
"नदीचं दुकान कुठे आहे?"

पुढे केळीच केळी.
घडांवर निळ्या पिशव्या, रांगेत.
"ह्यांची पण शाळा आहे का?"
वहिनी म्हणाली, थंडी वाजते त्यांना.
थंडी वाजत होती ती आम्हाला.
सातपुड्याचा वारा पदरातून शिरून
पाठीकडून निघत होता.

उनपदेवला गोमुखातून पाणी पडतं
कढत, रात्रंदिवस,
कुणी आलं काय, न आलं काय.
भटूने शरभंग ऋषींची गोष्ट लावली,
अर्ध्यात विसरला, म्हणाला, रामाने बाण मारला.
"आणि मग?"
"मग काय. ऊन पाणी."
हेतलला ते पटलं नाही.
भावेश कुंडाच्या काठावर पालथा पडून
खाली सिलिंडर शोधत राहिला.

घरी बंबातलं पाणी आधी ह्यांना,
मग पोरांना,
माझ्या बादलीत विसणच जास्त.
इथे विसण नाही.
पोटरीपर्यंत पाय सोडून बसले पाऊण तास.
दोनदा "मम्मी" ऐकू आलं.
वहिनीचीच पोर असेल, असं ठरवून टाकलं.

जेवायला कळण्याची भाकरी, भरीत, पातीचा कांदा.
चमचा विसरलो म्हणून वहिनी हळहळली,
जशी काही आजवर भरीत
आम्ही चमच्याने खात आलो.
लहानीने मिरची चावली आणि
डोंगरभर तिचं रडणं फिरून आलं.
ते ऐकून तीच गप्प झाली.

निघताना भावेशने बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून दिलं,
गोमुखाखाली ती भरली.
"पप्पांना. ते आले नाहीत ना."
हेतलने आपला स्कार्फ तिला गुंडाळला,
दोन गाठी.
येताना तो झोपला, बाटली मांड्यांत धरून.
खड्डा आला की झोपेतच
झाकण चाचपायचा.

घरी पोचून बाटलीला हात लावला.
गार.
मी पातेलं काढलं, गॅसही पेटवला.
दारात हेतल उभी होती.
काही बोलली नाही.
मी त्यात दूध तापवलं.

हे आले आठ वाजता,
भुवयांत कापूस, कानात कापूस.
भावेशने बाटली पुढे केली.
ह्यांनी बोट बुडवलं आणि ओरडले,
"आई गं! भाजलो की!"
पोरगं त्यांच्याकडे बघत राहिलं.
बराच वेळ.
मग माझ्या सासूच्या आवाजात म्हणालं,
"पप्पा, पानी थंडं शे."

ह्यांचं बोट तसंच बाटलीत.
नंतर मोरीत उकिडवे बसले,
ते सगळं पाणी घोट्यांवर ओतून घेतलं,
हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत.
भावेश शेजारी उभा राहून
सांडतं का बघत होता.

सोमवारी त्याची चड्डी धुताना
खिशात तो रुपया लागला.
आणि एक सरकी.
म्हणजे नाकात नव्हती.
ओल्या हातानेच वहिनीला फोन लावला.