केळ्याच्या सालीचं तिकीट

अन्वयने फाटकापाशी विचारलं,
दात घासायचे राहिलेले, हातात ओल्याचा डबा:
"आजी, हे सगळं रॉकेटने वर का नाही पाठवत?"

शारजाबाईंनी मान वर केली नाही.
कोथिंबिरीच्या देठांत कुणीतरी डायपर दडवलं होतं,
कागदात न गुंडाळता, लाल ठिपका न काढता.
ते त्या दोन बोटांनी बाजूला काढत होत्या.

मी वेधशाळेत एकतीस वर्षं काढली.
प्रश्न आला की आधी आकडा शोधायचा, ही खोड.
विजेच्या बिलाची कोरी बाजू घेतली.
किलोला अडीच लाख धरू, ओळखीने स्वस्तात.
केळ्याची साल चाळीस ग्रॅम,
म्हणजे तिकीट दहा हजार, एकेरी.
आंब्याच्या कोयी मी धरल्याच नाहीत.
मग सगळ्या पुण्याचं रोजचं घेतलं, दोन हजार टन,
तशी शून्यं बिलावरून टेबलावर उतरली
आणि महापालिकेची चार वर्षं
सकाळच्या चहाआधीच संपली.

"मग जवळच सोडू. थोडंसंच वर."
थोडंसं वर सोडलं तर दर दीड तासाने
एक फेरी. घंटागाडी उलटी झाली म्हणायची:
आपण जागेवर, कचरा दारोदार.

"मग सूर्यात टाकू. जळून जाईल."
तेच सगळ्यात अवघड, बाळा.
आपण त्याच्याभोवती पळतोय, सेकंदाला तीस किलोमीटर.
त्याच्यात पडायचं तर आधी ही धाव मोडायला हवी.
टाकून द्यायलासुद्धा थांबावं लागतं.
हे त्याला सांगितलं आणि मागाहून
मलाच ऐकू आलं.

वर पाठवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.
पहाटे पाचला फुगा सोडायचो आम्ही,
खाली दोरीला पांढरं खोकं,
हवेचा दाब, ओल, वारा सांगणारं.
शिवाजीनगरचे दिवे खाली राहायचे
आणि तो मावळतीच्या चांदण्यांत मिसळून जायचा.
वहीत आम्ही लिहायचो: गेला.
तीस किलोमीटरवर फुटायचा.
त्यापुढे काय होतं ते वहीत लिहायला रकाना नव्हता.

एकदा फुरसुंगीचा एक माणूस खोकं घेऊन आला.
दत्तोबा कामठे. धोतराला चिखल,
खोकं दोन्ही हातांत, लेकराला धरावं तसं.
वर आमचाच मजकूर होता: धोकादायक नाही, कृपया परत करावे.
"कांद्यात पडलं होतं," म्हणाले.
"तुमचं वरून पडलेलं परत आणलंय.
ट्रकनं येतंय ते कुणाच्या दारात ठेवू?"
साहेबांनी त्यांना पावती दिली. दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.
त्यांनी घडी घालून ती खिशात ठेवली
आणि पाणी मागितलं.
तांब्याभर प्यायले, थांबले, अजून एक मागितला.
"चव विसरायला झालीय," एवढंच म्हणाले.

अन्वय, अवकाश शंभर किलोमीटरवर सुरू होतं
असं पुस्तकात आहे.
आपलं हडपसरच्या पुढेच सुरू झालं होतं.
जिथून वास येत नाही ते अवकाश.
तिथे माणसं राहतात हे वाऱ्याची दिशा बदलली की कळतं,
आणि मी तर वाऱ्याच्या दिशेचीच पगारी नोकर होते.

शारजाबाईंनी गोणीचं तोंड आवळलं,
पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या वेगळ्या,
एक फुटका थर्मास उजेडात धरून पाहिला, ठेवून घेतला.
मग पहिल्यांदाच बोलल्या, अन्वयशी, माझ्याशी नाही:
"वर पाठवा की. पण तिथं निवडणार कोण?"

तो काही बोलला नाही.
डब्यात हात घातला,
चमकीची रिकामी पिशवी बाहेर काढली, सालीखालून,
आणि हाताचा वास घेऊन तोंड वाकडं केलं.
बिल भरायची आज शेवटची तारीख आहे.
मागच्या शून्यांसकट नेऊन देईन.