किरकोळ

मनामाच्या बाजारात, अत्तराच्या दुकानावर,
जिना चढून उजवीकडे दीड खोली.
त्यांचा देश तेव्हा तिथे राहत होता:
एक टेबल, एक सायक्लोस्टाइलचं यंत्र
आणि तीन लोखंडी खाटा.

मी दिवसा खजूरवाल्या पेढीत खर्डेघाशी करायचो,
मगरिबची बांग झाली की त्यांची वही.
साल्मीनसाहेब मला मुन्शी म्हणत.
एकदा सांगितलं होतं, आडनाव तळाशिलकर, मालवणजवळचं.
हसले. जिभेला जमलं नाही.

वहीत दोन खाती. देश, आणि घर.
देशाकडे गोदीतल्या हमालांची आणा-आणा वर्गणी,
एका विधवेची बांगडी, वजनाला कमी भरलेली.
घराची जमेची बाजू कोरी,
नावे मात्र पान भरून:
दूधवाल्याचे बावीस,
मुलाच्या तापाचे, मिशनच्या दवाखान्यात, साडेसात.
मी म्हटलं, हे देशाकडे टाकू? कोण विचारतंय?
त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं,
टोपण लावलं,
आणि माझ्याच खिशाला अडकवलं.

पुढच्याच महिन्यात
खालच्या दुकानातली कुपी, चौदा रुपये.
"देशाला लिही."
मी बघत राहिलो.
"वार्ताहरांसमोर बसायचंय, मुन्शी.
आमच्या अंगाला वास येतो, असं ते आधीच लिहून आणतात."
मी 'किरकोळ'खाली नोंदलं.
अक्षर जरा बारीक काढलं.

मग तो ओव्हरकोट.
थंड शहरात वाटाघाटी, म्हणून ऐन जुलैत मापं.
वालजी शिंपी, तोंडात टाचण्या, घामानं निथळत,
आणि साहेब हात पसरून उभे, फाशी जाणाऱ्यासारखे गंभीर.
कापड साठ, शिलाई तीस.
बहात्तर दिले, लाल नोटांत.
राहिले अठरा.
झोपलेलं मूल न्यावं तसा कोट हातावर टाकून
ते मुहर्रकच्या विमानतळाकडे गेले,
ते इकडे परतलेच नाहीत.
थेट स्वतःच्या देशात उतरले, सलामी घेत.
वालजीचे अठरा मी दिले.
सांगितलं, साहेबांनी पाठवलेत.
तो महिनाभर गिऱ्हाइकांना तेच ऐकवत होता.

रुपया गेला, दिनार आला.
साहेबही गेले.
कुणी तरी नोटबदलीच्या काउंटरवर त्यांच्या देशाची नोट आणली,
तिच्यावर साहेब, तोच कोट,
कॉलर डावीकडे किंचित वर. वालजीची खोड.
पोरगा म्हणाला, ही आम्ही घेत नाही, काका.

आणि काल तिकडून एक मुलगी आली,
चौकशी आयोगाची, पाठीवर पिशवी, बोलायला नेमकी.
"आमच्या देशाचं त्यांनी खाल्लं का?"
वही तिच्यासमोर, पण अक्षर मराठी;
तिला आकडे तेवढे ओळखता येईनात, म्हणून
माझ्या मोतीबिंदूवाल्या डोळ्यांवर भिस्त.
वाचत गेलो. वर्गणी. बांगडी. कागद. शाई.
सदतिसाव्या पानावर बोट थांबलं.
"चौदा," मी म्हणालो.
"कसले?"

'किरकोळ' शब्दात फार जागा आहे,
एक अख्खा माणूस पाय दुमडून झोपेल एवढी.
मी चष्मा पुसला.
"अत्तर," म्हणालो. "देशाला लागलं होतं."
तिनं लिहून घेतलं. काय, ते कळलं नाही.

कोटाचं तिनं विचारलं नाही.
अठरा रुपये, म्हणजे एक दिनार आठशे फिल्स.
ते त्या वहीत नाहीतच.