दीड माड

चिपळूणला काळजाच्या नळीत जाळी बसवली,
पेनातल्या स्प्रिंगेएवढी.
समुद्रावरची जाळी ठाऊक होती, ही पहिलीच.
"आत मासा कोण, मीच का?" म्हटलं,
तर डॉक्टर हसला नाही.
म्हणाला, भिकाजी, आता माडावर चढायचं नाही.

चाळीस वर्षं गुहागरात आगरं पाडली,
दिवसाला पंचवीस माड, कधी तीस.
तेव्हा नारळ मोजायचे. मला कोण मोजणार?

आता मंगळवारी, शुक्रवारी रुमाना येते,
दाभोळच्या मुकादमांची पोरगी.
छातीला पट्टा, बोटाला चिमटा,
आणि हातात एक तक्ता:
सहापासून वीसपर्यंत आकडे, किती जड जातंय त्याचे.
मी विचारलं, सहापासून का? शून्याचं काय बिघडलं?
म्हणाली, सहाला दहानं गुणा, साठ ठोके.
पण तुमच्या गोळीनं ठोक्यांना दावं लावलंय, काका,
ते गणित तुमच्यापुरतं मोडलं.
म्हणून तुम्हीच सांगा.

मला आकड्यात जड सांगता येत नाही.
चाललो, थांबलो, म्हटलं: अर्धा माड.
"म्हणजे?"
म्हणजे कोयता कमरेला, दोरी पायात,
वारा अजून अंगाला लागलेला नाही,
खाली उभ्या बाईला विचारता येतं,
शहाळी किती काढू?
एक माड म्हणजे शेंडा.
तिथं बोलायचं तर श्वास उसना घ्यावा लागतो.
आणि दीड माड म्हणजे खाली येऊन
घोटभर पाणी न पिता दुसऱ्याला मिठी.
तिनं वहीत नवा रकाना आखला:
अर्धा, अकरा. पाऊण, तेरा.
पाऊणच्या वर जायचं नाही.
दीड झाला तर आधी फोन, मग बाकीचं.

ती म्हणते, चालायची वेळ एक ठेवा.
कशी ठेवू?
कोरड्या वाळूत पाय रुततो,
अर्ध्याचा पाऊण होतो चार पावलांत.
मला ओला पट्टा लागतो, ओहोटीचा,
पाऊल उमटेल आणि बुडणार नाही असा.
म्हणून पंचांग बघतो.
तिथीला पाऊणनं गुणलं की भरती,
पुढे सहा तासांनी माझा रस्ता उघडा.
आज सहाला, उद्या पावणेसातला.
सुरूच्या बनापासून खाडीच्या अलीकडे,
मग परत.

आणि एकदम थांबायचं नाही, ती बजावते.
पाय थांबले की रक्त पायातच बसून राहतं,
डोक्याला पुरत नाही, डोळ्यांपुढे काजवे.
हे ऐकलं आणि बाप आठवला.
खाली उतरलो की म्हणायचा,
माडाला फेरा घाल, मग बस.
मला वाटायचं, देवाचं काही असेल.

गेल्या शुक्रवारी पट्टा बांधलेलाच होता.
विहिरीकडच्या माडावर संकेश चढला, माझा धाकटा.
यंत्र नको म्हणतो, दोरीच बरी.
मी धोंडीवर बसलेलो.
बहात्तर.
तो निम्म्यावर. अठ्ठ्याऐंशी.
शेंड्यात शिरला, आणि पाय टाकायला निघाला
तो नेमका पिवळ्या झावळीवर.
ती झावळ मला खालून दिसते,
त्याला वरून दिसत नाही.
ओरडायला तोंड उघडलं
तर श्वास उसना मिळेना.
रुमाना यंत्राकडे बघते, माझ्याकडे बघते.
"काका, तुम्ही बसलायत ना?"
एकशे सहा.
"किती माड?"
मी हात हलवला. तिनं पेन तसंच धरून ठेवलं.

त्यानं पाय मागे घेतला. कसा, देव जाणे.
नारळ पडले, धप्, धप्, मग तो.
बुंध्याशीच बसायला लागला.
ऊठ, म्हटलं, फेरा घाल.
"काय झालं आता?"
फेरा घाल म्हणतो ना!
तो कुरकुरत निघाला
आणि मीही उठलो, त्याच्या मागून,
पट्ट्यासकट.
रुमाना धोंडीपाशी उभी राहून मोठ्यानं वाचत होती:
शंभर. ब्याण्णव.
सावकाश, काका. पंच्याऐंशी.