स्थलांतराची सूचना

पांढऱ्या पाकिटात गॅसवाले, तपकिरीत सरकार,
हे ग्लेनिसला पाकीट न फोडताच ठाऊक असतं.
तीन दिवस ते टोस्टरमागे उभं होतं.
चौथ्या दिवशी तिने लायब्ररीत आणलं,
मंगळवारी,
कारण आम्ही आता मंगळवार-गुरुवारच उघडतो.
"वाच," म्हणाली, "मला वाटतं हे मला हाकलतायत."

तुमचा जुना भत्ता बंद होत आहे.
आपोआप काही होणार नाही.
नऊ तारखेच्या आत नवा अर्ज करा.
आणि वर, ठळक अक्षरांत: स्थलांतराची सूचना.

"स्थलांतर? एकसष्ट वर्षं मी एकाच गल्लीत आहे.
लग्न झालं तेव्हा बारा नंबरातून एकोणतीसमध्ये गेले,
उशा काखेत मारून, रस्ता ओलांडून.
त्यालाही कुणी सूचना दिली नव्हती."

कंप्युटर पन्नास मिनिटांसाठी मिळतो.
बॅटरीच्या कारखान्यात तिची बोटं वाकली ती वाकलीच,
म्हणून ती कळा दाबते पेन्सिलीच्या उलट्या टोकाने,
खोडरबराने,
प्रत्येक अक्षर लिहिता लिहिता पुसल्यासारखं.

पासवर्ड हवा. आठ अक्षरं, त्यात आकडाही.
मी तोंड वळवलं, तसा नियम आहे,
पण ती मोठ्याने बोलत टाइप करते:
"इडवल. चार, एक, सात."
(आकडा मी इथे बदलला आहे.)
इडवलच्या बिल्ल्याचा नंबर.
खाणीत उतरताना पितळी बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा.
खिळ्यावर बिल्ला दिसला
की कळायचं, माणूस अजून खाली आहे.
खाण बुजवली, वर गवत लावलं,
बिल्ला तिच्या स्वयंपाकघरात चमच्यांमध्ये आहे.

तुमच्यासोबत जोडीदार राहतो का?
"सांग त्यांना, टेकडीवर राहतो. चॅपलमागे. उताणा."
मी 'नाही'वर बोट दाखवलं.

पूर्वी पुस्तक होतं.
पोस्टात बेरिल पान फाडायची, शिक्का आपटायची,
आणि मागे रांग असली तरी विचारायची, पाठ कशी आहे.
मग पैसे थेट बँकेत गेले, बेरिल मुलीकडे गेली,
पोस्टाच्या जागी आता नखं रंगवतात.

पहिले पैसे पाच आठवड्यांनी.
नंतर महिन्याला एकदा.
आजवर दर पंधरा दिवसांनी यायचे; ती डब्यांत वाटून ठेवायची,
विजेचा डबा, मांजराचा डबा, आणि एक नाताळचा,
जो नाताळपर्यंत कधीच टिकला नाही.
मध्ये उचल हवी का? विचारतात.
पुढे कापून घेऊ.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात.
इथे हातचंच पळत सुटलं होतं.

शेवटी एक चौकट: काही कळवायचं आहे का?
तिने बराच वेळ घेतला. मग खोडरबर टेकवत टेकवत:
नमस्कार. मी ग्लेनिस प्यू. तिकडे कोण आहे?

पुढच्या गुरुवारी उत्तर होतं.
तुमचा संदेश वाचला गेला आहे.
"कुणी?" तिने मला विचारलं,
जणू मी त्यांच्यापैकीच.

चौथ्या गुरुवारी ती आली नाही.
वहीत अकराच्या रकान्यात तिचं नाव.
साडेअकराला एका पोराला कंप्युटर हवा होता,
मी म्हटलं, भरलेला आहे.
रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने खांदे उडवले.
बाराला हीटर बंद करायचा असतो. केला नाही.

पावणेएकला दार वाजलं.
बसचे पैसे वाचवायला दोन मैल चालत आली होती,
चेहरा लालभडक, बोलायलाही दम नाही,
नुसती पेन्सिल वर करून दाखवली.
मी तिची पन्नास मिनिटं
पहिल्यापासून लावली.