ओळखीसाठी फोटो

पापाच्या तिकटीला तीस वर्षं
मी लोकांना सांगत आलो:
हनुवटी जरा वर. कान दिसू देत. हलू नका.
पासपोर्ट, रेशन कार्ड, बारावीचा फॉर्म.
एकदा तर लग्नाच्या जुन्या फोटोतून
एकटाच कापून काढलेला माणूस, दाखल्यासाठी.

आता स्टुडिओ भाच्याकडं,
आणि मी कसबा बावड्यात, परसात,
सब्जाच्या वाफ्यापुढं पोटावर आडवा.
समोर हवेत टांगलेली माशी,
केसाळ, तपकिरी, हरभऱ्याच्या डाळीएवढी,
तोंडापुढं सुई.
ती सुई मिटत नाही कधी,
गर्दीत छत्री धरावी तशी पुढं धरून हिंडते.

कुंपणापलीकडून पद्मल चौगुले:
"मधमाशी हाय ती, डसंल की हो!"
मधमाशी नव्हे. दोनच पंख.
मिशा बघ, नसल्यासारख्या.
"मग नाव काय तिचं?"
तिथंच तर अडलंय.

एकशे चाळीस फोटो.
एकशे एकोणचाळीसांत सब्जाचा तुरा लख्ख
आणि माशीच्या अंगाला दोन्हीकडून धूर.
हलू नका, मी पुटपुटतो,
आणि ती हलत नाहीच खरं तर,
जागा सोडत नाही, मान वळवत नाही,
फक्त पंख. आणि मुल्लाणी सरांना
नेमके तेच हवेत:
"शिरा दिसू देत पंखातल्या.
चेहऱ्यावरून काही कळत नाही."

ऊन तापल्यावर एकदा खाली बसली,
उघड्या मातीवर, पंख पसरून.
तेवढा एक मिळाला.

परवा मात्र भिंतीशी,
गिलावा पडलाय तिथं,
एका एकांड्या मधमाशीच्या बिळापुढं
ती अधांतरी थांबली आणि बूड झटकलं,
एकदा, दोनदा, पद्मल चिमण्यांना कण्या टाकते तसं.
अंडी. दुसऱ्याच्या दारात.
आतल्या पिल्लाला खाऊन हिचं पिल्लू वाढणार.
कॅमेरा हातात होता. बोट दाबलं नाही.
बीळ लिंपायला माती कालवली,
तीही पाटीत वाळून गेली.
तशी माणसंही बसून गेली असतील की माझ्या स्टुलावर.
मी म्हणालो असेन, हनुवटी वर,
आणि सुटे आहेत का.

सरांचं उत्तर आलं:
"कुळ नक्की. पुढचं फोटोवरून सांगता यायचं नाही.
टाचणीला लावून पाठवलीत तर बघू."

वहीत फोटो चिकटवला.
तारीख. बावडा. सकाळचे दहा चाळीस.
नावापुढं काही नाही.
खाली बोटभर कोरी जागा,
सहीसाठी सोडायचो तेवढी.