तिसरं चाक

सकाळी सातलाच हारियसनं घडीच्या खुर्च्या गाडीत टाकल्या.
मी घेतलं शहाजिऱ्याचं चीज, राईचा पाव, चार काकड्या
आणि कानात घालायचा कापूस,
जो मी दर वर्षी नेते
आणि दर वर्षी तसाच परत आणते.

कुरझेमेच्या या पाइनच्या रानात एरवी
सुतारपक्ष्याखेरीज कुणी तोंड उघडत नाही.
आज दोरीला रेलून अख्खं गाव उभं:
पोस्टातली विल्मा, दातांचे डॉक्टर (तोंडात दोन लिमलेटच्या गोळ्या),
आणि पाद्रीबुवा, टोपी उलटी घालून,
म्हणजे ऊन मानेवर लागायला नको,
असं त्यांचं म्हणणं.
धुरी दिलेल्या माशांचा वास कुठे संपतो
आणि पेट्रोलचा कुठे सुरू होतो
हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही.
दोन्हींनी भूकच लागते.

मग फाटक पडतं.
आवाज कानातून येत नाही, सांगते,
आधी पायांखालच्या वाळूतून येतो,
गुडघ्यांतून चढतो, पोटात घुसतो,
आणि हातातला चहा कपातल्या कपात थरथरतो.

तीन चाकांच्या गाड्या या.
एक जण चालवतो. दुसऱ्याला बसायला जागाच नाही.
एक फळी, एक कडी, बस्स.
वळण आलं की त्यानं बाहेर झोकून द्यायचं,
इतकं, की खांद्यानं वाळू चाटावी,
आणि वळण संपायच्या आत
मागे, उजवीकडे, उंच, परत आत.
चालवणाऱ्याचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत असतं.

सत्तेचाळीस नंबर आमचा.
ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आल्डिस, फळीवर त्याची मेहुणी बैबा.
बटाट्याच्या वावराच्या बांधावरून
दोन घरांत तीन वर्षं अबोला आहे.
सरावालाही वेगवेगळ्या गाड्यांतून येतात.
पण आल्डिसनं हँडल वळवायच्या आधीच
बैबा झुकलेली असते,
हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तिसऱ्या फेरीला, जिथे रस्ता गुडघ्यासारखा मोडतो,
बैबा सुटली.
दोन कोलांट्या, आणि गवताच्या पेंढीत डोक्यापर्यंत.
आल्डिसला पत्ताच नाही! तो आपला सुसाट पुढे,
आम्ही सगळे ओरडतोय, डॉक्टरांची गोळी उडून दोरीपलीकडे,
आणि पुढच्या वळणावर त्याची गाडी
म्हातारी गाय बसावी तशी
सावकाश, अगदी सावकाश कलंडली.

बैबा उठली. धावली.
हेल्मेटमधून वाळू ओघळतेय, एक बूट अर्धा निघालेला,
पोचली, त्याच्या हेल्मेटवर एक चापट दिली,
आणि तीन वर्षांनी त्याच्याशी बोलली.

काय बोलली यावर वाद आहे.
हारियस म्हणतो, "उचल."
विल्मा म्हणते, पाच शब्द होते,
आणि पाद्रीबुवांसमोर सांगण्यातले नव्हते.
पाद्रीबुवा म्हणाले, मी सगळे ऐकले,
आणि प्रसंगाला शोभतील असेच होते.

उचलली त्यांनी. शेवटून दुसरे आले.
जिंकलं कोण? एस्टोनियाचे कुणीतरी भाऊ.
टाळ्या वाजवल्या आम्ही त्यांनाही,
एका हातानं; दुसऱ्यात मासा होता.

संध्याकाळी परत येताना गिरणीपाशी
हारियसनं गाडी वळवली,
आणि मी दारावर, खिडकीबाहेर,
जवळजवळ छातीपर्यंत.
"काय गं, काय झालं?"
"काही नाही. रस्त्याकडे बघ."
एक्केचाळीस वर्षं गाडी हाच चालवतो,
आणि पाटीवर नाव त्याचंच.

रात्री पाव चावताना दाताखाली कचकच.
थुंकावीशी वाटली नाही.